हेइन्सा: दोघांसाठी दोन दिवस आणि मुक्कामाची एक रात्र

दक्षिण कोरियातल्या देगू शहरातून सकाळच्या बसने जायचं, हेइन्सा हा बौद्ध मठ बघायचा, जेवायचं आणि संध्याकाळच्या बसने परत. हेइन्साला बहुतेक लोक असंच जातात. त्यात इमारती बघून होतात, पण ज्यासाठी एवढ्या लांब यावं ते हुकतं. सहलींच्या बसगाड्या साधारण दहानंतर येतात आणि चार-साडेचारला निघून जातात. त्यानंतर हे डोंगरातलं छोटं गाव एकदम शांत होतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास मठाच्या अंगणात मोठा ढोल वाजायला लागतो, तेव्हा अंगणात दहा-पंधरा माणसंही नसतात. पहाटेचा ढोल तर फक्त मुक्कामाला राहिलेल्यांनाच मिळतो. म्हणून आमचा ठाम सल्ला आहे: दोघांनी जायचं तर एक रात्र राहायचंच. एक ठिकाण कमी झालं तरी चालेल, रात्र कमी करू नका.

हेइन्सा दक्षिण ग्यॉंगसांग प्रांतातल्या हापचॉन जिल्ह्यात, गायासान डोंगराच्या कुशीत आहे. मठाची स्थापना ८०२ सालची, शिल्ला या जुन्या कोरियन राजवटीतली. ‘हेइन’ म्हणजे सागरमुद्रा. वारा थांबला की समुद्रात सगळं जग जसंच्या तसं उमटतं, तशी मनाची अवस्था. हा शब्द अवतंसक सूत्रातून आलेला आहे. कोरियात तीन मठांना त्रिरत्नांचा मान आहे: बुद्धाचा थोंगदोसाला, संघाचा सोंगग्वांगसाला आणि धम्माचा हेइन्साला. धम्माचा मान इथे का, हे वरच्या, त्रिपिटक कोरलेल्या लाकडी पाट्यांच्या ग्रंथकोठारात गेल्यावर कळतं.

वार कोणता निवडावा

इथे थोडी गणितं जुळवावी लागतात. ग्रंथकोठाराच्या आतली सहल २०२१पासून लहान गटांसाठी सुरू झाली आहे. ती शनिवार-रविवारी असते आणि मठाच्या संकेतस्थळावर आधी नाव नोंदवावं लागतं. शांतता मात्र आठवड्याच्या मधल्या वारांना असते. दोन्ही साधायचं तर रविवारी जा आणि सोमवारी परता. रविवारी दुपारची सहल धरा. संध्याकाळी बाकीचे लोक देगूकडे निघतात तेव्हा तुम्ही मुक्कामाला थांबलेले असता, आणि सोमवारी सकाळी अख्खा डोंगर तुमचाच. मठाचं संग्रहालय बघायचं असेल तर तेही रविवारीच उरका, कारण कोरियातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

नोंदणीचं पान कोरियन भाषेत आहे. अडलात तर १३३० या पर्यटन मदत क्रमांकावर फोन करा, तिथे इंग्रजीत बोलता येतं. सोलमधल्या हॉटेलच्या काउंटरवर विनंती केली तरी काम होतं. जागा थोड्या असतात, त्यामुळे प्रवासाची तारीख ठरली की आधी ही नोंदणी आणि मग रेल्वेचं तिकीट, हाच क्रम ठेवा. उलटा क्रम लावला की तिकीट एका दिवसाचं आणि सहल दुसऱ्या दिवसाची, असा घोळ होतो.

ऋतूंपैकी ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात गर्दीचा. दरीत जाणारा रस्ता एकच आहे. पानं लाल होतात त्या शनिवार-रविवारी बस दीड तासाऐवजी दुप्पट वेळ घेते आणि खोल्यांचे भाव चढतात. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे हा आमच्या मते दोघांसाठी सगळ्यात चांगला काळ. चांद्र पंचांगातल्या चौथ्या महिन्याच्या अष्टमीला बुद्धजयंती असते आणि तिच्या आधीचे दोन-तीन आठवडे अंगणात रंगीत कंदिलांचं छत असतं. प्रत्यक्ष जयंतीच्या दिवशी मात्र पाय ठेवायला जागा नसते. सॉल्लाल आणि छुसॉक या दोन मोठ्या सणांच्या सुट्ट्या पूर्ण टाळा. रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत आणि गावातली बरीच हॉटेलं बंद असतात.

सोलपासून मठापर्यंत

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढूनच जावं लागतं. काही देशांच्या नागरिकांना चालणारी ऑनलाइन प्रवास-परवानगी आपल्याला लागू नाही.

सोल स्थानकातून केटीएक्स ही वेगवान रेल्वे पकडायची आणि दोंगदेगूला उतरायचं. वेळ साधारण एक तास पन्नास मिनिटं, साध्या डब्याचं तिकीट माणशी ४३,५०० वॉनच्या आसपास. स्थानकाचं नाव नीट बघा: ‘देगू’ नावाचं वेगळं स्थानक आहे, तुम्हाला ‘दोंगदेगू’ हवं. तिथून मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेने सॉबू बस टर्मिनल स्थानकात उतरायचं, साधारण वीस मिनिटं. बाहेर पडलं की जवळच बसस्थानक आहे. हेइन्साचं तिकीट खिडकीवर मिळतं, माणशी साधारण आठ हजार वॉन, आणि बस दीड तास घेते. दोंगदेगूलाच रेल्वेला लागून दुसरं मोठं बसस्थानक आहे आणि पहिल्यांदा जाणारे हमखास तिथेच रांगेत उभे राहतात. हेइन्साची बस तिथून नाही, सॉबूहून सुटते.

रविवारी दुपारची सहल गाठायची तर सोलहून आठच्या सुमाराची गाडी धरा. दहाच्या आत दोंगदेगू, साडेदहाच्या आसपास सॉबू, बाराच्या सुमारास हेइन्सा. मध्ये एखादी बस चुकली तरी पुढची पकडून वेळेवर पोहोचता येतं. दहाची गाडी घेतली तर तेवढी सवड उरत नाही.

बॅगांचं काय? चाकांची मोठी बॅग घेऊन मठाकडे जाऊ नका. थांब्यापासून वर साधारण किलोमीटरभर चढ आहे. तिथे चाकं अडतात आणि त्यांचा खडखडाट सगळ्या दरीत ऐकू जातो. दोंगदेगू स्थानकात नाण्यांवर किंवा कार्डावर चालणारी लॉकर आहेत. मोठी बॅग तिथे ठेवा आणि दोघांत दोन छोट्या पाठपिशव्या घ्या. पिशवीत गरम कपड्याचा एक थर, दोन जोड मोजे, टॉवेल, पाण्याची बाटली आणि पन्नास-साठ हजार वॉन रोख एवढं पुरे. वाहतूक कार्डात पैसे भरायला बहुतेक ठिकाणी रोख लागते, आणि गावातल्या म्हाताऱ्या आजीबाई रस्त्याकडेला वाळवलेल्या रानभाज्या विकतात, त्यांनाही रोखच द्यावी लागते.

रस्ता शोधायला नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या. कोरियात गूगल मॅपवर पायवाटांचा भरवसा नाही. हेइन्साच्या स्थानकात उतरल्या उतरल्या परतीच्या बसच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. इंटरनेटवर सापडणारी वेळापत्रकं बरीच जुनी असतात, शेवटची बस त्यांच्यात दिसते त्यापेक्षा लवकर सुटू शकते, आणि ती चुकली तर देगूपर्यंत टॅक्सीचा मोठा भुर्दंड बसतो.

प्रवेशाला आता पैसे पडत नाहीत. जोग्ये या कोरियन बौद्ध पंथाच्या मोठ्या मठांनी मे २०२३पासून ते शुल्क बंद केलं आहे.

राहायचं कुठे: मठात की गावात

दोन्ही शक्य आहे, आणि दोन्हींत फरक मोठा आहे.

मठातल्या मुक्कामाला टेंपलस्टे म्हणतात. २००२च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी ही सोय सुरू झाली आणि पुढे देशभर रुजली. तिचे दोन प्रकार आहेत. एकात दिवसाचा कार्यक्रम आखलेला असतो: साष्टांग नमस्कार, ध्यान, भिक्षूंबरोबर चहा. दुसरा विश्रांतीचा, त्यात जेवण आणि प्रार्थना यांखेरीज वेळ तुमचा. दोघांनी पहिल्यांदा जाताना विश्रांतीचाच घ्यावा. खर्च माणशी एका रात्रीला साधारण ५०,००० ते १,००,००० वॉन, जेवणासकट. नोंदणी टेंपलस्टेच्या अधिकृत संकेतस्थळावर इंग्रजीतून होते.

मात्र एक गोष्ट आधी विचारून घ्या. बऱ्याच मठांत पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या खोल्यांत झोपतात, नवरा-बायको असले तरी. काही ठिकाणी जोडप्याला एक खोली मिळते, पण मागितल्याशिवाय नाही. ‘आम्ही दोघं आहोत, एक खोली मिळेल का?’ असं नोंदणी करतानाच लिहा आणि उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका. वेगळी खोली मिळाली तर हिरमुसू नका. रात्री नऊला दिवे जातात आणि पहाटे चारच्या आत उठायचं असतं, मधले तास झोपेतच जातात. मठात हात हातात घेऊन फिरणं किंवा खांद्यावर डोकं टेकणं मात्र टाळा. कुणी बोलणार नाही, पण तो भिक्षूंचा राहता घरपरिसर आहे.

गावात राहायचं तर मिनबाक, म्हणजे घरगुती मुक्कामाची खोली, किंवा छोटं हॉटेल. साधी खोली ५०,००० ते ८०,००० वॉनला मिळते, पानगळीच्या दिवसांत जास्त. खाट नसते. गरम होणाऱ्या जमिनीवर गादी अंथरून झोपायचं, तीच ओन्दोल खोली. भिंतीवर एक छोटं बटणांचं यंत्र असतं आणि बहुतेकांची रात्र बिघडते ती त्याच्यापाशी. त्याच्यावर तीन शब्द असतात: ‘नानबांग’ म्हणजे जमिनीची ऊब, ‘ओन्सू’ म्हणजे नळाचं गरम पाणी, आणि ‘वेचुल’ म्हणजे घरात कुणी नाही. अक्षरं वाचता येत नसल्याने कुठलंतरी बटण दाबलं जातं, यंत्र ‘वेचुल’वर जातं आणि मध्यरात्री खोली गारठते. खोली ताब्यात घेतानाच मालकिणीकडून तिन्ही बटणं दाखवून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. जमीन तापायला अर्धा-पाऊण तास लागतो. लगेच ऊब येत नाही म्हणून आकडा वाढवत गेलं तर तासाभराने पाठ भाजते. २२-२३ अंशांवर ठेवून वाट बघा.

पहाटेची प्रार्थना हवी असेल तर मठातच राहा. गावात राहिलात तर संध्याकाळचा ढोल मिळेल आणि सकाळची शांतता मिळेल. तेही थोडं नाही.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

मठात मांस-मासे नाहीतच, शिवाय ‘ओशिनचे’ म्हणजे पाच उग्र भाज्याही वर्ज्य आहेत: लसूण, कांद्याची पात, बुचू नावाची लसणाच्या वासाची गवतासारखी पात, रानलसूण, आणि पाचवा पदार्थ ‘हुंगगॉ’, म्हणजे चक्क हिंग. हिंग कोरियात पिकत नाही, पण ग्रंथांतून आलेल्या यादीत त्याची जागा कायम आहे. इथली किमचीही मासळीशिवाय बनते, त्यामुळे शाकाहाऱ्यांनी निर्धास्त खावी. वाढून घ्याल तेवढं संपवायचं हा पक्का नियम. आधी थोडंच घ्या, पुन्हा घेता येतं.

गावातल्या हॉटेलांत मात्र सावध राहा. रानभाज्यांचं जेवण दिसायला संपूर्ण शाकाहारी असतं, पण सोयाबीनच्या रस्स्याला सुक्या मासळीच्या पाण्याचा आधार असतो आणि किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस असतो. ‘गोगी’ नको म्हटलं तर फक्त मांस वगळतात. कोरियन बोलण्यात मासळी ‘गोगी’त धरली जात नाही. म्हणून दोन वाक्यं पाठ करा: ‘गोगी, सेंगसॉन आन मॉगॉयो’, म्हणजे मांस-मासे खात नाही, आणि ‘म्यॉलची युक्सू पे जुसेयो’, म्हणजे सुक्या मासळीचं पाणी घालू नका. रस्स्याबद्दल शंका राहिली तर सानचे बिबिंबाप, म्हणजे रानभाज्या घातलेला भात, मागवा आणि सोबतचं सूप बाजूला ठेवा.

सानचे जॉंगशिक म्हणजे रानभाज्यांचं पूर्ण ताट. पंधरा-वीस छोट्या वाट्या येतात: वाळवून परतलेलं नेचाचं कोंब, दोराजी नावाचं कडवट मूळ, डोंगरातली आळंबी, मिठात मुरवलेली पानं. बहुतेक हॉटेलं हे ताट किमान दोघांनाच देतात. एकट्या प्रवाशाला ‘नाही’ ऐकावं लागतं, तुम्हाला ती अडचण नाही. माणशी साधारण १५,००० ते २०,००० वॉन. दुपारी खा. रात्री सातनंतर गावातली स्वयंपाकघरं बंद व्हायला लागतात, त्यामुळे गावात मुक्काम असेल तर सहाचा ढोल ऐकून थेट जेवायलाच जा.

पहिला दिवस: वर चढताना

थांब्यापासून मठापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं ओढ्याच्या काठाने चालायचं. वाटेत भिक्षू सॉंगचॉल यांचं स्मारक लागतं, मोठ्या दगडी गोळ्याचं, इतर जुन्या स्तूपांहून अगदी वेगळं. ते १९९३ साली गेले. त्यांना भेटायचं तर आधी बुद्धासमोर तीन हजार नमस्कार घालून या, अशी त्यांची अट असे.

पहिलं दार इल्जुमुन. त्याच्यापुढे एका प्रचंड झाडाचं वाळलेलं खोड उभं आहे. मठाच्या स्थापनेच्या वेळी लावलेलं हे झाड १९४५मध्ये वाळलं असं सांगतात. दारातून आत जाताना थांबून हात जोडून अर्धं वाकायचं. याला ‘हापजांग’ म्हणतात आणि ते आपल्या नमस्कारासारखंच आहे. भिक्षू समोर आले तरी एवढंच करायचं. हस्तांदोलनासाठी हात पुढे करू नका.

पुढच्या अंगणात जमिनीवर आखलेला चक्रव्यूह दिसेल, तो ‘हेइन्दो’. भिक्षू उइसांग यांच्या २१० अक्षरांच्या रचनेची ही आकृती आहे. तिला ५४ वळणं आहेत आणि जिथून सुरुवात केली त्याच्याजवळच शेवट येतो. दोघांनी एकामागून एक, थोडं अंतर ठेवून, हात जोडून चालावं. मधल्या वळणांवर तुम्ही एकमेकांच्या शेजारून उलट दिशांनी जाता, ते फार छान वाटतं. घाई केली तर ओळ चुकते, सावकाश चाला.

देजॉकग्वांगजॉन हे मुख्य दालन आहे. इथे शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, नसून विश्वव्यापी मानले जाणारे वैरोचन बुद्ध आहेत. दालनात शिरायचं ते बाजूच्या दाराने. समोरचं मधलं दार भिक्षूंचं आहे, परदेशी पाहुण्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बूट बाहेर काढा, पण मोजे घाला, अनवाणी पाय इथे असभ्य मानतात. आत फोटो नाही.

शेजारचं देबिरोजॉन चुकवू नका. त्यात एकसारख्या दोन लाकडी वैरोचन मूर्ती शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. २००५मध्ये एका मूर्तीच्या आतला शाईचा मजकूर वाचला गेला आणि त्यातलं साल निघालं ८८३. म्हणजे कोरियातल्या सगळ्यात जुन्या लाकडी बुद्धमूर्ती त्या या. मजकुरात एका बड्या सरदाराचा आणि त्याच्या सोबतिणीचा उल्लेख आहे, त्यावरून ती जोडी शिल्लाची राणी जिनसॉंग आणि सरदार विहोंग यांची असावी असा तर्क करतात. जोडप्यांनी इथे थोडा वेळ बसावं.

ग्रंथकोठार

मुख्य दालनामागच्या उभ्या पायऱ्या चढलं की जांगग्यॉंग पानजॉन. मंगोल स्वाऱ्यांच्या काळात, १२३६ ते १२५१ या वर्षांत, संपूर्ण त्रिपिटक लाकडी पाट्यांवर कोरून काढलं. एकूण ८१,२५८ पाट्या, दोन्ही बाजूंनी अक्षरं, एकूण पाच कोटींहून जास्त. १३९८मध्ये पाट्या इथे आणल्या. इमारती आजच्या रूपात पंधराव्या शतकातल्या. १८१७च्या आगीत मठाचा मोठा भाग जळाला पण कोठार वाचलं. १९५१मध्ये, कोरियन युद्धात, या भागावर बॉम्ब टाकण्याचा हुकूम आला होता, पण हवाई दलाचे अधिकारी किम यॉंगह्वान यांनी तो पाळला नाही.

इथे वीस मिनिटं नुसत्या खिडक्या बघा. पुढच्या लांब इमारतीचं नाव सुदाराजांग. ‘सुदारा’ म्हणजे आपलं ‘सूत्र’च. तिच्या दक्षिण भिंतीत खालची खिडकी मोठी, वरची छोटी. उत्तर भिंतीत उलट, खालची छोटी आणि वरची मोठी. हवा पुढून खालच्या बाजूने शिरते, कपाटांमधून फिरत वर चढते आणि मागच्या वरच्या खिडकीतून निघून जाते. जमिनीत मातीबरोबर कोळसा, चुना आणि मीठ आहे. ओल वाढली की जमीन ती शोषते आणि कोरडं झालं की परत देते. पाट्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवल्या आहेत. प्रत्येक पाटीच्या दोन्ही टोकांना पाटीहून जाड लाकडी पट्टी बसवलेली आहे, त्यामुळे दोन पाट्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि मधून हवा खेळते. आतली सहल मिळाली तर या पट्ट्यांकडे मुद्दाम बघा. मिळाली नाही तर खिडकीच्या लाकडी गजांना चेहरा न टेकवता, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बघा. काळोखाला नजर सरावायला अर्धं मिनिट लागतं आणि मग ओळीमागून ओळ दिसायला लागते. कॅमेरा, बाटली, लायटर बाहेरच.

सुदाराजांगच्या गोल दारात मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास, दुपारी छपराच्या कौलांची सावली उंबऱ्यावर पडून कमळाचा आकार तयार होतो. त्या दिवसांत तुम्ही तिथे असाल तर तीनच्या सुमारास थांबा.

जुन्या प्रवासपुस्तकांत इथल्या एका मोठ्या सूचिपर्णी झाडाचा फोटो असतो, कवी चे चिवॉन यांच्या काठीला पालवी फुटून ते झालं अशी कथा. ते झाड सप्टेंबर २०१९च्या वादळात पडलं. शोधत फिरू नका.

ढोल, आणि पहाट

संध्याकाळी साडेपाचपासून घंटेच्या मंडपाजवळ जागा धरा, नेमकी वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती दुपारीच विचारून ठेवा. चार वाद्यं वाजतात. मोठा ढोल जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, लाकडी मासा पाण्यातल्यांसाठी, ढगाच्या आकाराची धातूची थाळी पक्ष्यांसाठी, आणि शेवटी घंटा यातनेत असलेल्या सगळ्या जीवांसाठी. ढोल माणसाहून उंच असतो. दोन काठ्या, आणि तरुण भिक्षू आळीपाळीने येऊन वाजवतात. एकाने काठी टेकवायच्या आत दुसऱ्याचा ठोका पडलेला असतो, मध्ये खंड नाही. अगदी पुढे उभं राहू नका. आठ-दहा पावलं मागे, दालनाच्या कोपऱ्याशी उभं राहिलं तर डोंगरावरून परत येणारा नादही ऐकू येतो. घंटेचे ठोके सहसा संध्याकाळी ३३ आणि पहाटे २८ असतात.

मठात मुक्काम असेल तर पहाटे साडेतीनच्या आसपास एक भिक्षू मोकताक, म्हणजे हातातलं छोटं लाकडी वाद्य, वाजवत अंगणातून फिरतो, तीच उठायची खूण. गजर लावायचाच तर फक्त कंपनावर. मे महिन्यातही या वेळी गारठा असतो, मठाने दिलेल्या कपड्यांच्या आत गरम थर घाला. मोबाइलचा दिवा लागला तर पायापाशी धरा, समोर नको.

प्रार्थनेत काय करायचं ते माहीत नसेल तर पुढच्या माणसाकडे बघून करा, अर्धा श्वास उशीर झाला तरी चालतो. दमलात तर मागच्या ओळीत बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचं पठण झालं की शेवटच्या ओळीला कान द्या: ‘आजे आजे बारा-आजे, बारासुंग-आजे, मोजी साबाहा’. हे आपलं ‘गते गते पारगते, पारसंगते, बोधि स्वाहा’. चीनमार्गे, हजारो मैल फिरून, कोरियन जिभेवर ते असं बसलं आहे.

प्रार्थनेनंतर परत झोपू नका. सहाच्या सुमारास नाश्ता असतो आणि त्याच्या आधीचा तास दोघांनी अंगणात घालवण्यासारखा दुसरा नाही.

दुसरा दिवस: उतरताना

नाश्त्यानंतर होंगजेआम या जवळच्या आश्रमात जा. १५९२ला सुरू झालेल्या जपानी आक्रमणात भिक्षूंची फौज उभी करणारे सामियॉंग यांनी शेवटचे दिवस इथे काढले, १६१०मध्ये ते गेले. त्यांच्या शिलालेखाचे १९४३मध्ये जपानी अंमलात चार तुकडे केले गेले. १९५८मध्ये ते जोडले. दगडावर क्रूसासारखा सांधा अजून स्पष्ट दिसतो.

मग सोरीगिल, म्हणजे नादाची वाट. होंगन्यूदोंग दरीतून ओढ्याच्या कडेने खाली त्रिपिटक संकल्पना-उद्यानापर्यंत जाणारी सहा-सात किलोमीटरची वाट. बरेच कोरियन लोक ती खालून वर चढतात. तुमच्या बेतात वरून खाली बरी पडते: उतार सौम्य, वेळ अडीच ते तीन तास, लाकडी पूल आणि फळ्यांचे रस्ते बरेच. पावसानंतर या फळ्यांवर पाय घसरतो. गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. वाटेत नोंगसानजॉंग मंडप लागतो, चे चिवॉन यांच्या आठवणीतला. तिथे पाण्याचा आवाज इतका असतो की शेजारी बसूनही बोलणं ऐकू येत नाही. अर्धा तास बसा.

निघण्याआधी वरच्या बसस्थानकात विचारून ठेवा की देगूची बस खाली नेमकी कुठे थांबते, आणि त्या थांब्यावर दहा मिनिटं आधी उभे राहा. बस येताना दिसली की हात करा. थांब्यावर नुसतं बसून राहिलं तर चालक पुढे निघून जाऊ शकतो. गुडघे दुखत असतील तर मंडपापर्यंत जाऊन परत वर या आणि वरच्याच स्थानकातून बसा, बसायला जागाही तिथूनच नक्की मिळते.

परतीची केटीएक्स बस देगूत पोहोचण्याच्या वेळेपासून किमान दीड तास पुढची घ्या. सॉबूहून मेट्रो, लॉकरमधली बॅग आणि फलाट यातच पाऊण तास जातो.